गळा किती, बाही किती?

प्रश्न : आदरणीय बाई, जय येशू. मी जळगावची, वय २६. एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते, रोज स्कूटीवर जाते-येते. आम्ही जन्माने कॅथलिक, पण मधली पाच-सहा वर्षं मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फक्त नाताळ आणि ईस्टरला जायचे. मागच्या वेळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात पुन्हा ओढ लागली. फादरांकडे कन्फेशन केलं, पापं कबूल केली, आता एकही रविवार चुकवत नाही.

त्याच सुमारास मोबाइलवर परदेशातल्या काही कॅथलिक बायकांचे व्हिडिओ बघायला लागले. त्यांचं म्हणणं, कॅथलिक स्त्रीने पँट घालायचीच नाही, बायबलमध्ये 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तशी आज्ञा आहे. स्कर्ट गुडघ्याखाली हवा, बाही कोपरापर्यंत, आणि गळा मानेच्या खळगीपासून दोन बोटं, त्याहून खाली नको. मी टेप घेऊन कपाट उपसलं. निम्मे कपडे बाजूला काढले. तीन लांब स्कर्ट मागवले. त्यातला एक स्कूटीच्या चाकात जाता जाता राहिला. कानातले सोडले. आता करडा नाहीतर तपकिरी रंग. आई विचारते, "तुला सिस्टर व्हायचंय का?" ऑफिसात एकीने विचारलं, घरी कोणी गेलं का.

आणखी एक सांगते, ते कुणाला सांगितलं नाही. मिस्साला बसले की प्रत्येकीचा गळा नि बाही माझ्या डोळ्यांनी मोजली जाते. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी असते तेव्हासुद्धा. मला शालीन राहायचंय, बाईसारखं दिसायचंय, देवाला आवडेल असं. कसं निवडू?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पोरी, आधी एक काम. तो लांब स्कर्ट स्कूटीवर पुन्हा घालू नकोस. घेर, पदर आणि ओढणी, तिन्ही चाकात जातात. माझ्या शिवणाच्या वर्गातल्या एका मुलीच्या मानेवर ओढणीचा वळ मी पाहिलेला आहे. ओढणी घेतलीसच तर दोन्ही टोकं मागे घेऊन गाठ मारायची आणि गाठ कमरेत खोचायची. बाकीचं सगळं यानंतर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं लांब राहून परत आलेलं माणूस हातात काहीतरी नेमकं धरायला बघतं आणि टेपइतकं नेमकं दुसरं काय असणार? त्या व्हिडिओतल्या बायकांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तुझ्या हातात दिलेलं माप आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आहे का, ते आधी बघू.

आपला कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीचं पुस्तक, १९९२ साली निघाला. शालीनतेबद्दल त्यात २५२१ ते २५२४ असे चार परिच्छेद आहेत. दहा मिनिटांत वाचून होतात, इंग्रजीत नेटवरही मिळतात. त्यात दोन बोटं नाहीत, कोपर नाही, गुडघाही नाही. त्यात असं आहे की जे झाकलेलं राहायला हवं ते उघडं न करणं म्हणजे शालीनता, ती माणसाचं गुपित जपते, आणि कपडा निवडताना तीच आपल्याला सुचवते. २५२४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शालीनतेची रूपं एका संस्कृतीतून दुसरीत बदलतात. मात्र माणसाला देवाने दिलेल्या मोठेपणाची जाणीव म्हणून ती सगळीकडे असतेच.

रूपं बदलतात म्हणजे काय, ते मला सोळाव्या वर्षी कळलं.

मी भुसावळची. वडील लोको शेडमध्ये फिटर. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, ८ तारखेला सुरू झाला नि २७ ला मागे घेतला. वडील संपात होते. पगार बंद, दुकानदाराची उधारी वाढलेली. माझं परकर-पोलकं आखूड व्हायला लागलं होतं आणि साडीला पैसे नव्हते. नागपूरच्या मावशीने तिच्या मुलीचा जुना पंजाबी ड्रेस पाठवला. फिकट निळा, गुडघ्याच्या खाली उतरणारी कमीज, घोट्यापर्यंत सलवार, वर ओढणी. तो घालून मी रविवारी मिस्साला गेले. दारातच एका वयस्क बाईंनी मला अडवलं. "पायजमा घालून प्रभूपुढे उभी राहणार?" आई काही बोलली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, माझा हात धरला आणि मला नेऊन अगदी पुढच्या सतरंजीवर बसवलं.

आज तोच पंजाबी ड्रेस आपल्याकडे सगळ्यात सोज्वळ पोशाख धरला जातो. कपडा तसूभर बदलला नाही, बघणाऱ्यांची नजर बदलली. आणखी एक बघ. तुझ्या त्या व्हिडिओतल्या बाईसमोर आपली सहावारी नेसलेली आजी उभी कर. पोट-पाठ उघडी म्हणून ती बाई दचकेल. आणि तिचा गुडघ्याखाली जेमतेम उतरणारा स्कर्ट बघून आपली आजी म्हणेल, "अगं माय, पोटऱ्या उघड्या!" दोघीही देवाला भिऊन वागणाऱ्या, दोघीही आपापल्या जागी बरोबर. मदर तेरेसांनी १९४८ मध्ये रस्त्यावरच्या गरिबांत काम सुरू केलं तेव्हा युरोपातला झगा उतरवून पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. जिथे राहायचं तिथल्या गरीब बाईचं नेसणं त्यांनी घेतलं. वेलंकणीची मरियामातासुद्धा साडीतच उभी आहे. मग जळगावच्या मुलीला शालीन दिसायला ऑनलाइन स्कर्ट का मागवावा लागावा?

आता 'अनुवाद' पुस्तकातली आज्ञा. ती आहे, २२ व्या अध्यायात पाचव्या वचनात. बाईने पुरुषाचे कपडे घालू नयेत, पुरुषाने बाईचे. तिला बाजूला सारायला मी सांगणार नाही. पण पुरुषाचा कपडा कोणता, हे ठरवायचं कुणी?

चोपड्याकडे माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिथल्या केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात. कापूस वेचणाऱ्याही तसंच करतात, वर कमरेला ओटी बांधलेली. तिच्या शेजारणीला मी एकदा विचारलं तर म्हणाली, "केळना चीक लुगडाले लागना का निंघस नही, बाई." शिवाय ऊन, पानांचे ओरखडे, बोंडांची टोकं. आता तो शर्ट पुरुषाचाच आहे, बटणपट्टीसुद्धा पुरुषी बाजूची. त्या बाईने आज्ञा मोडली का? थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विषय घेतला आहे. बाईने उगाच पुरुषाचा वेश करणं चूक, असं ते म्हणतात, पण गरजेपोटी केलं तर पाप नाही, आणि गरजांमध्ये ते मोजतात : शत्रूपासून लपायचं असेल, किंवा दुसरे कपडेच नसतील. दुसरे कपडेच नसतील! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो फिकट निळा ड्रेस आठवला.

आणि सलवार-पँटबद्दल तर फार जुनं उत्तर आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या बल्गेरियातल्या लोकांनी पोप पहिले निकोलस यांना प्रश्नांची मोठी यादी पाठवली होती. ८६६ साली पोपनी १०६ मुद्द्यांचं उत्तर लिहिलं. त्यात विजारीचाही प्रश्न होता. उत्तराचा अर्थ असा की तुम्ही किंवा तुमच्या बायका विजार घाला अगर घालू नका, तारणाला त्याने अडथळा येत नाही आणि पुण्यातही भर पडत नाही. साडेअकराशे वर्षं झाली या उत्तराला. संत जिआन्ना बेरेट्टा मोल्ला डॉक्टर होत्या, मुलांची आई होत्या, बर्फाच्या डोंगरांवर स्कीइंग करायच्या, आणि नेटके, सुंदर कपडे त्यांना मनापासून आवडायचे. २००४ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

बाईसाठी शिवलेली, बाईच्या अंगाला बेतलेली सुती पँट आणि वर मांडीपर्यंत उतरणारा कुर्ता, हा पुरुषाचा वेश नाही. स्कूटीवर जाणाऱ्या मुलीला त्याहून सोयीचं आणि झाकलेलं दुसरं काही मला तरी सुचत नाही.

बाजूला काढलेले कपडे एक एक करून पुन्हा हातात घे. टेप नको. कपडा अंगात घालून हे बघ. मे महिन्याच्या उन्हात दाराकडे पाठ करून उभी राहा आणि घरातल्या बाईला समोरून बघायला सांग. पायांची आकृती दिसत असेल तर अस्तर लावून घे. वरच्या फळीवरचा डबा काढतेस तसे हात उंच कर. मुंढा मोठा कापला असेल तर बगलेतून आतलं दिसतं. बिनबाह्यांपेक्षा हा दोष जास्त वेळा सापडतो आणि कोणी त्याच्याबद्दल बोलत नाही. वाक. जमिनीवर मांडी घालून बस. आणि आपल्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही गुडघे टेकून दोन मिनिटं राहा. मागून टॉप वर सरकतो का, जीन्स कमरेतून खाली येते का, गुडघ्याच्या मागे कापडाने रक्त अडतं का. ज्या कपड्यात देवापुढे गुडघे टेकताना पाठीवर हात ठेवावा लागतो, तो रविवारचा कपडा नव्हे. बाकीच्या दिवशी घाल, वर लांब काहीतरी घाल, पण मिस्साला नको.

शिंप्याकडे जाशील तेव्हा सांग : ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड अडीच मीटर, बाही मनगटापर्यंत किंवा पाऊण. कट कमरेपासून नको, कमरेखाली वीतभर उतरवून सुरू कर, म्हणजे स्कूटीवर वाऱ्याने पुढचा पल्ला उडत नाही. गळ्याला आतून पट्टी, नाहीतर पहिल्या धुण्यात गळा पसरतो. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, मगच कापायला द्यायचं. आपल्याकडे पारा ४५ वर जातो, हवा कोरडी असते. अशा उन्हात सैल, पूर्ण बाह्यांचं सुती अंगाला उघड्यापेक्षा थंड पडतं. आपल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून, हातमोजे घालून फिरतात ते काही कुणाच्या भीतीने नव्हे. वसई-गोव्याकडच्या दमट हवेत कदाचित तुला वेगळं सुचवलं असतं.

रंग आणि कानातले परत आण. आजच. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस फॅशनच्या धंद्यातल्या लोकांशी बोलले. शिवणाच्या वर्गात मी ते वर्षानुवर्षं सांगत आले. कपड्याचे तीन हेतू त्यांनी मांडले : शरीराचं रक्षण, लज्जारक्षण आणि शोभा. शोभा हा तिसरा हेतू, पण हक्काचा. नटणं माणसाच्या स्वभावातच आहे असं ते म्हणतात, आणि लगेच बजावतातही की फॅशन कधी कुणाला पापाकडे ढकलणारी होऊ नये. दोन्ही एकाच भाषणात आहे. एक टोक धरून दुसरं सोडायचं नाही. तू रंग सोडलेस तेव्हा देवाला काय मिळालं? तुझ्या आईला मात्र काळजी मिळाली.

"बाईसारखं दिसायचंय" असं लिहिलंस. बाईपण स्कर्टच्या शिवणीत असतं तर केळीच्या बागेतल्या त्या बायकांकडे ते उरलंच नसतं. नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाच. शिवणाच्या बाईला तो फार जवळचा. ती गृहिणी लोकर आणि ताग आणते, रात्री दिवा विझू देत नाही, कपडे शिवून व्यापाऱ्याला विकते, आणि स्वतः जांभळी, तलम वस्त्रं नेसते. देवाच्या वचनातली आदर्श बाई जांभळं नेसते, पोरी. तुला हिरवा आवडतो तर हिरवा घाल. नाडीचा परकर आणि सहा कळ्यांचा घेरदार स्कर्ट मलाही फार आवडतो. घरी घाल, मिस्साला घाल. आवडतो म्हणून घाल, इतकंच.

आता ते, जे तू कुणाला सांगितलं नाहीस.

हे लिहिताना मला जड जातंय. पण तू खरं लिहिलंस, मीही लिहिते. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार, एप्रिलचं ऊन. चर्चच्या दारात झावळ्या वाटायचं काम माझ्याकडे होतं. एक तिशीची बाई आली, पातळ साडी, मागून फार खोल गळ्याचं आणि बिनबाह्यांचं चमकीचं ब्लाउज. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "असं घालून येतात का इथं? पाठ झाकून ये." हळूच म्हटलं असं मला वाटलं होतं, पण दोघी-तिघींनी ऐकलं. तिने झावळी घेतली नाही. वळली आणि निघून गेली. ईस्टरला आली नाही, पुढचे चार महिने आली नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मी तिचं घर शोधत गेले. दवाखान्यात रात्रपाळीची आया होती. त्या दिवशी कामावरून थेट आली होती. घरात पाण्याची बोंब होती, ते ब्लाउज बहिणीच्या लग्नातलं. तिने मला पाट दिला, चहा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, धुयेल इतलंच व्हतं."

दुसरे कपडेच नव्हते. ज्या दारात मला सोळाव्या वर्षी अडवलं होतं त्याच दारात मी दुसरीला अडवलं, आणि माझी आई मला हात धरून पुढे घेऊन गेली होती तसं मी केलं नाही. मी तिची माफी मागितली. दोन सुती पोलकी शिवून देते म्हटलं. फुकट घ्यायला ती तयार नव्हती. कापडाचे पैसे तिने महिन्याला दहा-दहा रुपये करून फेडले, आणि मी ते घेतले, कारण नाही म्हणणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा दारातून परत पाठवणं झालं असतं. ती पुन्हा मिस्साला यायला लागली. अजून येते. पण ते चार महिने मी तिच्याकडून हिरावून घेतले, आणि त्यातला ईस्टर तिला परत देता येणार नाही.

कॅटेकिझमच्या २५२१ मध्ये एक ओळ आहे, ती कपड्यांच्या चर्चेत वाचलीच जात नाही. दुसऱ्याकडे कसं बघायचं, त्याच्याशी कसं वागायचं, हेसुद्धा शालीनताच शिकवते, असं तिथे म्हटलंय. म्हणजे ती डोळ्यांचीही आहे. तू पूर्ण झाकलेली असशील आणि तुझी नजर पुढच्या बाईच्या पाठीवरून फिरत असेल, तर त्या घडीला तुझी शालीनता तुझ्याकडून सुटलेली आहे. रागावून सांगत नाही. ज्या दारात मी चुकले त्या दारातून सांगते. मिस्साला जमेल तितकी पुढे बस, समोर वेदीच दिसेल अशी. रांगेत उभी राहिलीस की पुढच्या बाईसाठी, तिचं नाव माहीत नसलं तरी, एक 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हण. आठवडाभरात फरक पडत नाही. मला वर्ष लागलं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बायकांनी शालीन कपडे घालावे हे वचन सगळे बायबलमधल्या प्रेषित पौलाचं म्हणून दाखवतात. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, नववं वचन. ते पूर्ण वाच. पौल कशाला नको म्हणतो? केसांचं गुंफण, सोनं, मोती, उंची वस्त्रं. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तिसऱ्या अध्यायात तेच, सोनं नि भारी कपडे. त्यांना खुपत होतं ते श्रीमंतीचं प्रदर्शन. आपण जळगावचे, सोन्याचं गाव आपलं. आपल्याच लोकांच्या लग्नात शालूची किंमत जेवणाच्या पंगतीत सांगितली जाते, आणि मांडवाच्या कडेला एकाच साडीवर तीन लग्नं काढणारी बाई ते ऐकत असते. इतक्या वर्षांत मला गळ्याबद्दल, बाहीबद्दल, पँटबद्दल पत्रं आली. गळ्यातल्या सोन्याबद्दल एकही आलं नाही. तुझ्या लग्नाच्या वेळी हे ध्यानात असू दे.

ते तीन स्कर्ट परत करू नकोस. लांबी चांगली असेल तर एकाचा कुर्ता निघेल.

प्रश्न : बाई, माझी मुलगी तेरा वर्षांची. मैत्रिणींसारखे आखूड टॉप हवेत म्हणते. तिचे वडील चिडतात, "ख्रिस्ती लोकांच्या मुली अशाच असतात असं लोक म्हणतील," म्हणतात. घरात रोज वाद. तिला शालीनता कशी शिकवू?
— एक आई, धुळे

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांची भीती मी समजू शकते. धुळ्यात, नंदुरबारात आपली घरं मोजकी आहेत, आणि सिनेमात ख्रिस्ती मुलगी दाखवली की तिला आखूड फ्रॉक घातलेला असतो. हा अन्याय आपल्या सगळ्यांवरच झालेला आहे. पण त्याचं ओझं तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवू नका. "लोक काय म्हणतील" म्हणून घातलेला लांब कुर्ता कॉलेजच्या बाथरूममध्ये बदलला जातो. मी शेकडो मुली बघितल्या आहेत, पिशवीत दुसरा टॉप घेऊन येणाऱ्या.

तिला शिवायला बसवा. खरंच. सुट्टीत तिला बाजारात न्या, कापड तिच्या पसंतीचं घ्या, रंग तिला निवडू द्या, मग लांबीबद्दल तुम्ही दोघी मिळून ठरवा. स्वतःचं माप स्वतः घेणारी मुलगी आपल्या शरीराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागते. ते शरीर तिचं होतं, आरशातलं किंवा मैत्रिणींच्या तोंडचं राहत नाही. या वयात अंग महिन्या-महिन्याला बदलतं, मुलींना त्याची लाज वाटते, आणि पुष्कळदा आखूड टॉपचा हट्ट त्या अवघडलेपणातूनच येतो. तिला योग्य मापाचे आतले कपडे आहेत का, ते आधी बघा. हे वडिलांनी बोलण्यासारखं नाही, तुम्हीच बोला, आणि दुपारी, कोणी घरात नसताना बोला.

कापताना दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडा. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत ठेवलेल्या जादा कापडाला मायाच म्हणतात. अंग वाढलं की उसवून मोठं करता येतं, आणि तिला आवडलेला कुर्ता आणखी एक वर्ष जातो.

यजमानांना माझं एवढंच सांगा की मुलीला कपड्यावरून बोलायचं असेल तर आधी "छान दिसतेस" म्हणायला शिका. बापाने म्हटलेलं मुलीला पुरतं. ते घरात मिळालं नाही की मुलगी बाहेर शोधते.

प्रश्न : मिस्साला डोकं झाकणं सक्तीचं आहे का? नेटची पांढरी लेस घ्यावी म्हणते.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सक्ती नाही. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात बायकांनी डोकं झाकावं असं कलम होतं, १२६२ क्रमांकाचं. १९८३ च्या कायद्यात ते घेतलेलं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात हा विषय आहे, म्हणून ज्यांना भक्तीने झाकावंसं वाटतं त्यांनी जरूर झाकावं. माझी आई शेवटपर्यंत पदर घ्यायची, मी मिस्सा सुरू झाली की घेते, माझी सून घेत नाही, आणि आम्ही तिघी एकाच सतरंजीवर बसलेल्या आहोत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जा, हजारो बायका दिसतील, पदर घेतलेल्या आणि न घेतलेल्या, एकमेकींना पाणी देताना.

घ्यायचंच असेल तर आपली ओढणी घे. पांढरी हवी तर मलमलीची, सव्वादोन मीटर, कडेला पिको करून. नेटची लेस इथल्या धुळीत लवकर पिवळी पडते, आणि केसांच्या पिनेत अडकून उसवते.